खडीवरची शाळा

पाझर तलाव म्हणतात त्याला. पाझरायला आत पाणी लागतं, एवढीच काय ती अडचण. परवा भर दुपारी मी त्याच्या बांधावर जाऊन उभी राहिले. तळाला भेगाळलेला गाळ, त्यात गुरांच्या खुरांचे वाळून दगड झालेले ठसे. बांधाच्या अलीकडं, जिथं आमची माणसं ओळीनं बसून खडी फोडायची, तिथं कपच्यांचा थर अजून आहे. पायाखाली करकरतो. सरकारनं बांध घातला, कामाचा फलक लावला, फलकाचा पत्रा कुणीतरी कोंबड्यांच्या खुराड्याला नेला. बरं केलं.

मी एक कपची उचलली. तापलेली होती. नाकाशी नेली. तापल्या दगडाला वास असतो. खडी फोडणाऱ्यांना आणि त्यांच्या पोरांनाच तो माहीत. लोखंडाचा, थोडा करपल्याचा, आणि मागून पिठूळ, जिभेवर उतरणारा. त्या वासाबरोबर कानात पाढे सुरू झाले. आधी पाढे, मग हातोड्या.

कारण माझी शाळा इथं भरायची. ह्या उघड्यावर, बहात्तरच्या दुष्काळात. इतकी चांगली शाळा मला पुन्हा मिळाली नाही, आणि ह्याचाच मला राग येतो. माणसं मरायला टेकली होती तेव्हा जे जमलं, ते पिकं उभी राहिल्यावर का जमलं नाही?

जिल्हा परिषदेच्या शाळा बीटात वाटलेल्या असतात. आमचं बीट लहान, तालुक्याच्या कोरड्या अंगाला. कालव्याचं पाणी राहुरीच्या बाजूला. आमच्याकडं कालव्याच्या फक्त गप्पा यायच्या, सोनईच्या बाजारातून, मिरच्यांबरोबर. बीटावर एक विस्तार अधिकारी, त्याला सगळे साहेब म्हणत. बीटात वाड्यावस्त्यांच्या एकशिक्षकी शाळा, चौथीपर्यंतच्या. पाचवीपासून मोठ्या गावात जायचं. तिथं पत्र्याच्या खोल्या होत्या, बाकं होती, खिडक्यांना गज होते. आम्हाला ते गज बघायला फार आवडायचे. बाकी कुठंच खोली नव्हती. एक शाळा चावडीत भरायची, एक कुणाच्या तरी गोठ्याच्या पडवीत. आमची मारुतीच्या देवळात.

देवळातल्या शाळेला शेंदराचा वास होता. शेंदूर, करपलेलं तेल, वटवाघळं. पाढे म्हटले की गाभाऱ्यातून परत यायचे, जरा उशिरा आणि जाड आवाजात, म्हणून आम्हा पोरींना वाटायचं, मारुतीसुद्धा तिसरीतच आहे. घंटेची दोरी वर गुंडाळून ठेवलेली, आमचा हात पुरू नये म्हणून. शनिवारी लोक तेल आणि रुईच्या माळा घेऊन यायचे, तेव्हा सगळी शाळा भिंतीला चिकटून बसायची आणि गुरुजी फळा उचलून खांबाआड धरायचे, त्याच्यावर तेल उडू नये म्हणून.

आणि शेवंता बाहेर बसायची.

ज्याला गाव महारवाडा म्हणायचं, तिथली पोरं उंबऱ्याच्या बाहेर, पायऱ्यांच्या खाली. शेवंता माझ्याच वर्गात, माझ्याच वयाची. डोळे बारीक करून बघायची सवय लागली होती तिला, कारण आतला अंधार आणि बाहेरचं ऊन. शिवाय मधे खांब. फळ्याची डावी बाजूच तिला दिसायची. मी दारापाशी बसायचे, तर ती खालून खुसफुसायची, "ए, उजवीकडं काय हाय गं?" मी सांगायचे. कधी मुद्दाम चुकीचं सांगायचे, मग ती माझ्या आईवरून शिवी द्यायची, तीही खुसफुसत.

पाटी तपासायची पद्धत अशी. शेवंतानं पाटी उंबऱ्यावर ठेवायची आणि दोन पायऱ्या खाली उतरायचं. मग गुरुजींनी यायचं, वाकायचं, न उचलता वाचायचं, खडूनं बरोबर नाहीतर चूक करायचं आणि आत वळायचं. मग शेवंतानं वर यायचं. गुरुजी वाईट नव्हते. आवाज चढवत नव्हते, छडी तर सगळ्या वर्षात मोडली नाही. त्यांच्या घरी चार पिढ्या मास्तरकी होती आणि ही पद्धत त्यांना कुणी वेगळी शिकवावी लागली नव्हती. आम्हालाही नाही. ऊन, वारा, उंबरा, असं ते होतं.

मग तो हिवाळा आला ज्यात विहिरींचे तळ दिसले. कारणं मी सांगत बसत नाही. सगळ्यांनी भाषणं ऐकलीत. मला आठवतात ते आवाज. रिकाम्या बादलीचा खडकावर आपटल्याचा आवाज. दावणीला गुरं नसल्यावर सकाळी गोठ्यातून काहीच ऐकू येत नाही, ते. मिलोची, त्या परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी, तिला थापताना आई पुटपुटायची, "हिला काय चिकटपणा न्हाई, काय न्हाई, वाळूच्या भाकरी करतीय मी." शेवंता म्हणायची, ही भाकर नव्हंच, ही सायकलची टूब हाय, तुज्या दादाच्या सायकलीला लाव.

सगळं गाव तलावाच्या कामावर गेलं. बायका खडीला, पुरुष मातीला आणि सुरुंगाला. पोरंही गेली, कारण घरात राहून करायचं काय. देवळात गुरुजी आणि मारुती दोघंच उरले. पट रिकामा दिसला तर शाळा उचलून दुसरीकडं नेतात, हे गुरुजींना माहीत होतं. एका सकाळी त्यांनी फळा सायकलला आडवा बांधला आणि ढकलत ढकलत खडीवर आणला. धुळीनं पांढरे झालेले, टोपीसुद्धा.

मुकादम म्हणाला, "मास्तर, हितं कामाची जागा हाय. पोरं जमवून तमाशा नगं."

माझ्या आईनं हातोडी न थांबवता सांगितलं, "बसवा वो गुरुजी. सुरुंगापाशी हुंदडत्यात दिसभर, एखादं उडंल म्हंजी कळंल ह्याला."

सावली एकच होती. तान्ह्या पोरांसाठी चार बांबूंवर ताडपत्री ताणलेली, तिच्याखाली झोळ्या. झोळ्या एका अंगाला सरकवून गुरुजींनी फळा टेकवला. आम्ही गावातली पोरं आत शिरलो आणि ओळीनं बसलो. शेवंता आणि तिच्या वाड्यातली पोरं सावलीच्या कडेला, पण उन्हात, उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. पायांनाच ठाऊक होतं.

गुरुजींनी खडू शोधला. मग मागं बघितलं. मग त्यांना काय झालं ते मी अजून समजू शकलेले नाही. ते म्हणाले, "तिथे काय उभे राहिलात? आत या. बसा."

माझी चुलती शेजारच्या ढिगावर होती. तिची हातोडी थांबली. "गुरुजी, ती पोरं?"

"इथे देव नाही, बाई," गुरुजी म्हणाले. "बसू दे."

चुलतीनं हातोडी उचलली आणि दगडाला सांगितलं, "देव न्हाई म्हनूनच तर ही येळ आलीया." बायका हसल्या. काही नाही हसल्या. हातोड्या पुन्हा सुरू झाल्या.

शेवंता येऊन माझ्याशेजारी बसली. मांडीला मांडी. तिच्या फ्रॉकला चुलीच्या धुराचा वास होता, माझ्याही होता. ती आधी समोर बघेचना, ताडपत्रीकडं वर बघत होती. मग फळा बघितला. मग मला म्हणाली, "अगं, उजवीकडं तर लई काय काय लिवत्यात की!"

तो उन्हाळा मला वासांनी पाठ आहे. बोटांना हातोडी लागू नये म्हणून बायका सायकलच्या टूबचे तुकडे बोटांवर चढवायच्या, ते रबर घामानं तापून यायचं. सुरुंगाच्या दारूचा वास, त्याच्या आधी शिट्टी, तांबडं फडकं, सगळी पोरं पालथी, फळा पालथा, झोळीतली पोरं रडतायत, आणि धूळ बसल्यावर गुरुजींचा आवाज, "हं, सात आठे?" पाटी पुसायला पाणी नव्हतं. आम्ही थुंकी लावायचो, तीही दुपारपर्यंत संपायची. मग पाल्यानं घासायचो. पेन्सिली संपल्या तेव्हा शेवंतानं शोधून काढलं की ह्या ढिगात मऊ पांढरे दगड निघतात, ते पाटीवर उमटतात. सगळ्या बीटात आमच्याच शाळेला पेन्सिलींचा तोटा नव्हता. वजाबाकी आम्ही कपच्या मांडून केली. गुरुजी म्हणायचे, ओंजळभर घ्या, त्यातल्या इतक्या मुकादमानं नेल्या, उरल्या किती? शेवंता म्हणायची, "मुकादम एवढ्यावर ऐकतोय व्हय गुरुजी?" गुरुजी हसायचे. देवळात मी त्यांना हसताना बघितलेलं नव्हतं.

दुपारी सुकडी. मोठ्या कढईतला तो गोड, भाजलेल्या पिठाचा वास आला की सहा ते एक उलटे पाढेसुद्धा भराभर व्हायचे. मोठ्या माणसांचं सगळं पूर्वीसारखंच होतं, उगीच खोटं लिहीत नाही. टोळ्या वेगळ्या, पाण्याचे डेरे वेगळे, शेवंताच्या आईला म्हणजे गिरजाबाईला पाणी वरूनच ओतायचे, आणि तेही सगळ्यात शेवटी. फक्त त्या ताडपत्रीखाली, तेवढ्या चौकोनात, गाव नव्हतं. आणि गुरुजी तिची पाटी हातातून हातात घेत होते. पहिल्यांदा घेतली तेव्हा तिनं ती घट्ट धरून ठेवली होती, सोडायची असते हे तिला सुचलंच नाही. "सोड की गं," गुरुजी म्हणाले.

साहेब एकदा जीप घेऊन आले. ताडपत्रीखाली वाकून बघितलं. "वा गुरुजी! सगळी मुलं एकत्र! हे मी वर कळवतो." वर म्हणजे कुठं, ते मला अजून सापडलेलं नाही.

त्याच दिवसांत गिरजाबाई ढिगावर बसून माझ्या आईला सांगत होती, जरा अंतर ठेवून, मोठ्यानं, सगळ्यांनी ऐकावं असं, "एवढी चवथी झाली की पाचवीला मोठ्या गावात घालती मी हिला. तिथं खोल्या हायत. तिथं काय मारुती बसलेला न्हाई वर्गात."

"आन मग?" कुणीतरी विचारलं.

"आन मग हिच्या हातात हातोडी न्हाई येनार."

एक वर्ष. मधे फक्त चौथीचं एक वर्ष होतं. तेवढं ओलांडलं की शेवंता पत्र्याच्या खोलीत, बाकावर, गजांच्या खिडकीशेजारी. आम्ही दोघींनी बाक वाटूनसुद्धा घेतलं होतं. खिडकीची बाजू तिची, कारण ती म्हणाली, मी लई दिस बाहेर बसली, आता मी आतनं बाहेर बगनार.

मग पाऊस पडला. त्याच्याबद्दल मी लिहीत नाही, लिहिणारे पुष्कळ आहेत. खडीचं काम बंद झालं, ताडपत्री गुंडाळली, गुरुजींनी फळा सायकलला बांधला. देऊळ धुतलं, नवा चुना दिला. शाळा देवळात भरली, आणि आम्ही चौथीत गेलो.

पहिल्या दिवशी शेवंता आली आणि सरळ आत येऊन माझ्याशेजारी बसली.

तिनं काही ठरवलं नव्हतं. बंड नव्हतं ते. मला नंतर काही शहाण्या माणसांनी तसं सुचवून बघितलं. ती विसरली होती. तिच्या वाड्यातली बाकीची पोरं पायरीशी थांबली, तिचे पाय थांबले नाहीत, इतकंच. ओल्या चुन्याचा वास होता, भिंतीला टेकलं की पाठ पांढरी व्हायची. प्रार्थना झाली. हजेरी झाली. तिनं "हजर" म्हटलं. गुरुजींनी मान वर केली नाही. कुणालाच काही वाटलं नाही, त्याही पोरांना नाही ज्यांच्या आया ढिगावर हसल्या नव्हत्या.

मग तात्या गुरव दिव्यात तेल घालायला आले. तात्या म्हातारे, मऊ बोलायचे, खडीवर त्यांनीच आम्हाला सुकडी वाढली होती. त्यांनी तिला बघितलं. तेलाचं भांडं खाली ठेवलं.

"पोरी, ऊठ बाळ. चुकलीस तू."

"न्हाई तात्या," शेवंता म्हणाली. "जागा हाय माझी. इचारा गुरुजींना."

सगळ्यांनी गुरुजींकडं बघितलं. गुरुजी फळा पुसत होते. पुसून झाला होता, तरी पुसत होते. मी तिच्या फ्रॉकचा काठ मुठीत धरला होता.

"शेवंता," ते फळ्याकडं तोंड करून म्हणाले, "तिथे देव नव्हता. इथे आहे ना."

तिला ते पटलं नाही, पण कळलं. ती उठली तेव्हा काठ माझ्या मुठीतून सुटला. पाठीला चुना लागलेला, तसाच घेऊन ती उंबरा ओलांडून खाली गेली. तात्या म्हणाले, "माज्या हातात काय हाय गं? उद्या गाव मलाच बोलंल." त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

गिरजाबाई दुसऱ्या दिवशी आली. पायरीखालून बोलली. "गुरुजी, तिला आत नगा घिऊ. तुमीच फळा बाहेर आना. खडीवर आनलाच हुता की."

"पावसाळा आहे, बाई. फळा भिजेल."

"पोरगी भिजत न्हाई व्हय?"

गुरुजी म्हणाले, "मी नोकरीचा माणूस आहे." हे तेवढं खरं होतं.

ती साहेबांकडंही गेली, बाजारच्या दिवशी, चालत. साहेब म्हणाले, देऊळ गावाचं, गावाच्या भावना असतात, सक्ती करता येत नाही. कायदा तेव्हाही होता. साहेबांच्या भावना मात्र गावाच्या बाजूनं होत्या.

शेवंता काही दिवस बाहेर बसली. पण तिचं चित्त लागेना. उजवीकडं काय हाय, हे तिनं मला पुन्हा विचारलं नाही. मीच सांगायला गेले तर म्हणायची, ठाव हाय. दिवाळीनंतर गिरजाबाई ऊस तोडायला कारखान्याच्या मुलखात गेली, ती तिला घेऊन. परीक्षेला आम्ही मोठ्या गावात गेलो, बाकावर बसलो. माझ्याशेजारी दुसऱ्या वस्तीचा एक पोरगा होता, शेंबडा, खिडकीच्या बाजूला.

शेवंता चौथी झाली नाही. अजून झालेली नाही. ती कुठल्या फडात आहे हे मला कळतं ते तोडणीच्या टोळ्यांबरोबर येणाऱ्या माणसांकडून, आणि आमच्या बीटात शाळा अजूनही देवळातच भरते. परवा मी इथं आले ती जागा बघायला. शाळेची खोली इथं, ह्या कपच्यांवर बांधा, अशी पत्रकं मी आणि गावातली चार माणसं वाटतोय. सरपंच म्हणाले, लांब पडंल पोरांना. दुष्काळात लांब पडत नव्हतं.

बांधावरून उतरताना ती दुपार आठवली, जी मी कुणाला सांगितलेली नाही. परीक्षेनंतरचा जून. पाऊस लांबला होता. गाव आभाळाकडं बघून पिवळं पडलं होतं, पुन्हा तेच वर्ष येतं की काय म्हणून. मी शेळी घेऊन इकडं आले, तर शेवंता इथं बसलेली. उसाच्या पात्यानं हात चिरलेले, अंगानं ताडमाड. तिनं कपच्या बाजूला सारून जमीन मोकळी केली होती, बसायला जागा, एका ओळीत.

"आलीस तू," ती म्हणाली. "ही तुजी जागा."

"काय करतीस हितं?"

"पाऊस न्हाई न्हवं अजून? मुकादम आईला म्हनला, असंच ऱ्हायलं तर खडी परत निघंल. मग गुरुजी येतील फळा घिऊन. मी चवथी हितंच करनार."

"देवळात ये की. एवढं एक वर्स. आदी बसायचीस की बाहेर."

"आदी मला आतलं म्हाईत नव्हतं," ती म्हणाली. मग आभाळाकडं बघून, अगदी समजूत घातल्यासारखी, "नगं पडू रं बाबा. एवढ्या साली नगं पडू."

गिरजाबाई मागून सरपण घेऊन येत होती. तिनं ऐकलं. मोळी टाकली आणि शेवंताच्या तोंडात मारली. "खायाचं काय मग? दगुड?" दुसऱ्यांदा हात उगारला आणि तसाच खाली घेतला. मग तिथंच, त्या मोकळ्या केलेल्या ओळीत, शेवटच्या जागेवर, ती बसून राहिली. माझी शेळी कपच्यांवरून चालत होती, तेवढाच आवाज.

तेवढ्यात मावळतीकडून ते काळं वर आलं. खाली रानात माणसं ओरडायला लागली, "आला, आला!" कुणीतरी घमेलं बडवत होतं. गिरजाबाईनं बसल्या जागी हात जोडले.

शेवंतानं एक दगड उचलला आणि सगळा जोर लावून वर, ढगाला मारला. तो लांब जाऊन पडला. थेंब पडायला लागले होते, आणि शेवंता वाकून दुसरा दगड शोधत होती.